रामकिसनरावांनी गाडी पाहिली

उस्मानपुऱ्यात डॉक्टर सेलूकरांच्या बंगल्यावरून जाताना माणसं आपोआप हळू चालतात. बंगल्यात पाहण्यासारखं काही नाही. असले बंगले त्या भागात पैशाला पासरी. पाहण्यासारखं जे आहे ते फाटकाच्या आत, पत्र्याच्या शेडखाली, खाकी खोळ पांघरून बसलेलं असायचं. जर्मनीची, दोन दारांची, जमिनीला पोट टेकल्यासारखी दिसणारी गाडी. इंजिन पुढं नाही, पाठीत. कंपनीचं नाव इथं कशाला? आपल्याला काही जाहिरात करायची नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यावरून कळलंच असेल. बाकीच्यांनी आपल्या सोयीनं तिचं नाव 'बेडूक' ठेवलं होतं. दोन गोल डोळे, उतरती पाठ आणि गर्द हिरवा रंग. उस्मानपुऱ्याचं तसं काही चुकलं नव्हतं.

डॉक्टर वैजनाथ सेलूकरांना मात्र ते नाव खपायचं नाही. तो हिरवा रंग त्यांनी स्वतः निवडला होता. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, लाल हवी तर लगेच घ्या, हिरवीसाठी थांबावं लागेल. डॉक्टर थांबले. त्या काळात पत्नी उमाताई त्यांना म्हणायच्या, की माझ्यासाठी शालू घेताना तुम्ही दहा मिनिटं थांबला नाहीत. डॉक्टर तेव्हा वर्तमानपत्र उघडायचे, कारण ते खरं होतं.

रविवारी सकाळी खोळ निघायची. डॉक्टर गाडी दौलताबादच्या रस्त्याला नेऊन आणायचे. तेव्हा जवळच्या पॉलिटेक्निकच्या वसतिगृहात, तोंडात ब्रश धरून गॅलरीत उभी असलेली एक मुलगी दात घासायची थांबायची. ती तनुजा गोर्डे. बिडकीनची, मेकॅनिकलला शिकणारी, वर्गात एकटीच मुलगी. तिनं ती गाडी पाहण्याआधी ऐकली. तिचं लहानपण ट्रॅक्टरवर गेलेलं. गिअर म्हणजे तिच्या लेखी कुरकुर, खडखड आणि शेवटी एक दणका. इथं मात्र कोपऱ्यावर आवाज नुसता एक पायरी चढला, मग दुसरी, आणि मध्ये कुठं खरचटलंसुद्धा नाही. कुणीतरी माणसानं लोखंडाचे दाते इतके नीट कापलेत, की ते एकमेकांत शिरताना भांडत नाहीत, हे तिला त्या सकाळी कळलं. नंतर ती जे काही झाली ते त्या सकाळमुळं झाली. आज चिकलठाण्याला तिचा स्वतःचा कारखाना आहे, गिअर कापण्याचा. तिथला माल दूरदूर जातो, आणि दाता खरखरीत राहिला तर तनुजाबाई तो परत पाठवतात, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

ती गाडी आपल्याला हवी, हे तिनं त्या वयात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मैत्रिणी हसल्या असत्या, आणि हसल्या तर त्यांची काही चूक नसती.

सेलूकर डॉक्टर हाडांचे. जन्म गेला लोकांचे गुडघे बदलण्यात, आणि शेवटी स्वतःचे दोन्ही बदलावे लागले. नवे गुडघे उत्तम चालत, पण त्या बुटक्या गाडीत बसायला तयार नव्हते. बसायचं जमलं तरी उठायचं जमेना. "तुम्हाला विहिरीतून उपसल्यासारखं काढावं लागतं," उमाताई म्हणाल्या, आणि गाडी विकायचं ठरलं.

ठरलं खरं, पण विकली जाईना. गिऱ्हाइकं पुष्कळ आली. पुण्याचा एक व्यापारी आला, त्यानं गाडी सुरूही न करता सगळ्या बाजूंनी फोटो काढले. एक बिल्डर आला, त्याला पुतण्याच्या वरातीसाठी हवी होती. एकानं हॉर्न बदलून मिळेल का म्हणून विचारलं. सगळ्यांना चहा मिळाला, गाडी कुणालाच मिळाली नाही. सेलूकरांना गाडी विकायचीच नाही, नुसती हौस आहे, असं लोक बोलायला लागले.

तनुजाच्या कानावर हे आलं तेव्हा ती तडक गेली. मुकुंदवाडीतल्या घरी नवऱ्याला, इंद्रजीतला, तिनं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मला बसायला जागा आहे ना? मग घे." चांगला नवरा असा असतो. डॉक्टरांकडं गेल्यावर तिनं किंमत विचारली नाही. "सुरू करता का?" एवढंच म्हणाली, आणि पुढं न थांबता गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली.

डॉक्टरांनी ते पाहिलं. आतापर्यंत आलेला प्रत्येक जण पुढचं झाकण उघडून इंजिन शोधत राहिला होता.

त्या दिवशी डॉक्टर बोलत सुटले. गाडी ऊन-पावसात कशी वागते, घाटात कशी चिकटून राहते, स्टिअरिंग हातात घेतलं की रस्ता कसा तळव्याला कळतो, सगळं सांगितलं. नाक मुरडावं असं तिच्यात काही नाही, हे तर तीनदा सांगितलं. मग किल्ली तनुजाच्या हातात दिली. ती पैठण रोडला लागली आणि तिनं दुसऱ्यातून तिसरा टाकला. शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी डोळे मिटले आणि ऐकत राहिले. गेली कित्येक वर्षं हा आवाज त्यांनी चालवतानाच ऐकला होता, नुसतं बसून कधी ऐकला नव्हता.

परत आल्यावर उमाताईंनी आणि तनुजानं मिळून त्यांना बाहेर काढलं.

"तुम्हाला द्यावीशी वाटते," ते म्हणाले. "पण माझी एक रीत आहे. घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन या. गाडी कुठल्या घरात जाणार ते मला एकदा समोरासमोर पाहू द्या. मग देतो."

इंद्रजीतला नेलं असतं तर हे प्रकरण त्याच दिवशी मिटलं असतं. पण गोर्ड्यांच्या घरात पायावर चालणारं किंवा चाकावर चालणारं काहीही आबांनी पाहिल्याशिवाय आलेलं नव्हतं. बैल, म्हशी, ट्रॅक्टर, तनुजाची पहिली मशीनसुद्धा. म्हणून तिनं वडलांना नेलं.

आबा म्हणजे रामकिसन गोर्डे. बिडकीनची बरीच जमीन कारखान्यांसाठी गेली, उरलेल्या जमिनीत मोसंबीची बाग. पाचोडच्या बैलबाजारात या माणसाचा दबदबा होता, आणि तो नावं ठेवण्यामुळं. बाजाराची रीतच तशी. गिऱ्हाइकानं मनात भरलेल्या जनावराला नावं ठेवायची. खांदा बारीक आहे, चाल वाकडी आहे, डोळा चोरतो. बैल जितका आवडलेला, तितकी नावं जास्त. उगाच कौतुक केलं तर किंमत चढते आणि वर जनावराला दृष्ट लागते. रामकिसनराव एखाद्या जोडीभोवती फिरत नावं ठेवायला लागले, की बघे समजायचे, ही जोडी आता बिडकीनला निघाली.

तनुजाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण गाडी म्हणजे बैल नव्हे, एवढं तर आबांना कळेलच, असं ती धरून चालली. शिकलेली माणसं अशा पुष्कळ गोष्टी धरून चालतात.

डॉक्टरांनी खोळ आधीच काढून ठेवली होती. गाडी पुसलेली. ऊन शेडच्या कडेनं आत येऊन हिरव्या पाठीवर पडलेलं. उमाताईंनी पोहे केले होते. रामकिसनराव फाटकातून आत आले आणि जागीच थांबले. तनुजा त्यांच्याकडं पाहत होती. त्यांचा श्वास क्षणभर अडकला, हे तिला दिसलं. तिला बरं वाटलं. नंतर ते हात पाठीमागं बांधून गाडीभोवती फिरायला लागले, आणि तिला पाचोडचा बाजार आठवला.

"लईच बुटकी हाय," रामकिसनराव म्हणाले.

"अशा गाड्या बुटक्याच असतात," डॉक्टर हसून म्हणाले.

"दोन मानसांपुरती. बाकीच्या घरानं काय मागं पळत यायचं?"

"मागं दोन लहान सीट आहेत," डॉक्टर म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"तिथं कोंबड्या बसतील." रामकिसनराव उकिडवे बसले, खाली डोकावले, उठले. "आन् इंजिन मागं. बैल गाडीच्या मागल्या बाजूला जुंपल्यावानी."

"आबा," तनुजा म्हणाली.

"तू थांब. खरं ते बोलू दे." त्यांनी एक बोट हिरव्या पाठीवरून फिरवलं. ते बोट किती हलक्या हातानं फिरलं, हे फक्त तनुजाला दिसलं. "रंग तर काय बोलावं! लोकं बेडूक म्हनत्यात ते उगाच नाय म्हनत."

उमाताई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. डॉक्टरांचा चेहरा आवळला होता. रामकिसनरावांच्या मते मात्र सगळं अगदी ठरल्याप्रमाणं चाललेलं. आता सौद्याची वेळ झाली होती. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून उजव्या हातावर पसरलं आणि झाकलेला हात डॉक्टरांपुढं धरला. बाजारात किंमत तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली दोघांची बोटं काय ते बोलतात, चारचौघांना पत्ता लागत नाही.

डॉक्टरांनी उपरणं अलगद बाजूला केलं, मनगट हातात घेतलं, उलटंसुलटं फिरवून पाहिलं आणि विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

तनुजाला त्या क्षणी हसावं की जमिनीत गडप व्हावं कळेना. रामकिसनरावांनी हात ओढून घेतला. बाजारात कुणी असं उपरणं उचलून हात उघडा पाडला असता तर मारामारी झाली असती. ते लालबुंद झाले, आणि अशा वेळी गिऱ्हाईक जे शेवटचं म्हणतं तेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मंग. आमाला बी काय लई गरज नाय." मग फाटकाकडं निघाले. सावकाश, कारण विकणाऱ्यानं मागून हाक मारायची असते.

डॉक्टरांनी हाक मारली नाही. ते तनुजाकडं वळले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"गाडी तुमच्याकडं यायची नाही. तुम्ही चांगल्या आहात, पण ज्या घरात तिला पाहिल्या दिवशीच नावं ठेवतात, तिथं मी तिला पाठवणार नाही." आणि त्यांनी खोळ उचलली.

परतीच्या वाटेवर क्रांती चौकापर्यंत रामकिसनराव आरशात मागं पाहत होते. "फोन येतो का नाय बग तुला," ते म्हणाले. "सौदा पटतच आला व्हता."

तनुजानं गाडी कडेला घेतली.

"आबा, तो बाजार नव्हता. त्या माणसानं ती गाडी लेकरासारखी सांभाळली. तुम्ही त्याच्या तोंडावर तिला बेडूक म्हणालात."

"मंग काय चांगलं म्हनायचं? लई आवडली म्हनू?"

"हो! तेच म्हणायचं होतं. एवढं एक वाक्य!" तिचा आवाज फाटला. "पण तुमच्या तोंडातून ते निघतच नाही. माझ्या वेळी तरी कुठं निघालं? पाहुणे बघायला आले, मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि तुम्ही काय म्हणालात? पोरगी हट्टी आहे. भाकरी येत नाही. दिवसभर ट्रॅक्टरवर असते, कुणाचं ऐकत नाही. तीन ठिकाणचे लोक आले, तिन्ही वेळा हेच. एकही जण परत फिरकला नाही."

खरं म्हणजे हे ती इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. बारावी झाल्या झाल्याची गोष्ट. लग्न जमेना म्हणून पोरीला पॉलिटेक्निकला घातली, असं गावात म्हणत, आणि तनुजाही तेच धरून चालत आली होती. आपण वडलांना आवडत नाही, हा एक खडा तिच्या मनात तेव्हापासून होता. कारखाना उभा राहिला, नाव झालं, स्वतःच्या पसंतीनं लग्न झालं, तो खडा तिथंच. आबा कारखान्यात आले की म्हणायचे, पत्रे लईच खाली घातलेत.

रामकिसनरावांनी दार उघडलं, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, आणि बिडकीनची बस पकडायला चालू लागले. तिनं हाक मारली नाही. तिलाही हट्ट कुठून आला होता ते उघडच आहे.

पुढचे काही दिवस कारखान्यात कुणी तिच्या वाटेला गेलं नाही. तिला गाडीचं वाईट वाटत होतं, आणि गाडीपेक्षा जास्त कशाचं तरी, ते तिला नीट सांगता आलं नसतं. मग एका दुपारी उमाताईंचा फोन आला.

"तुझे वडील इथं आलेत," त्या म्हणाल्या. "सकाळपासून बसलेत. ह्यांच्याशी बोलणं चाललंय, पण दोघांनाही एकमेकांचं काही कळत नाही. तूच ये बाई."

ती पोचली तेव्हा दोन म्हातारे शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते, मध्ये गाडी. रामकिसनरावांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि शेजारी मोसंबीची पिशवी होती. दोघांनीही तिच्याकडं पाहिलं, पण बोलणं मोडलं नाही.

"पुन्हा सांगा," डॉक्टर म्हणाले.

"गाडी चांगली हाय," रामकिसनराव म्हणाले. ओठ आवळून, कडू काढा प्यायल्यासारखे.

"काय चांगलं आहे तिच्यात?"

रामकिसनराव बराच वेळ गाडीकडं पाहत राहिले. कपाळावर घाम आला. "चाकं चार हायती," ते शेवटी म्हणाले.

उमाताईंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टरांनी हात वर केले. "हे पाहा, रामकिसनराव. तुम्ही म्हणता की तुम्हाला गाडी आवडली म्हणून तुम्ही नावं ठेवली. मी हाडांचा डॉक्टर, मनाचा नाही. पण हे माझ्या डोक्यात शिरत नाही."

"त्यात शिरायसारखं काय हाय? गुन विकनारा सांगतो. त्या दिशी तुमी सांगत व्हता, तनुजा म्हनली मला. घेनाऱ्यानं गुन सांगितले तर समजायचं, ह्याला घ्यायचंच नाय, गंमत बगाया आलाय. ज्याला जनावर दावनीला पायजे, तो नावं ठेवतो."

"हे खरं कशावरून मानू मी?"

रामकिसनरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग हनुवटीनं तनुजाकडं दाखवलं.

"हिच्यावरून माना."

तनुजा शेडच्या खांबाला टेकून उभी होती. ती सरळ झाली.

"हिला बगाया पावनं आलं व्हतं," रामकिसनराव म्हणाले. ते डॉक्टरांशी बोलत होते, लेकीकडं पाहत नव्हते. "मी बाप. म्हंजी देनारा. मी गुन सांगाया पायजे व्हते. आन् गुन काय कमी व्हते व्हय? सांगितले असते तर पैल्याच ठिकानी कुंकू लावून नेली असती. बारावी झालती नुसती. आमच्या ट्रॅक्टरचा गिअर फुटला तवा ही बया त्ये दाते पुसून पुसून वळीनं मांडून बसलेली, जेवान इसरून. मला कळलं, हिला कायतरी करायचंय. काय ते मला कळलं नाय. पन आत्ता दिली तर ते ऱ्हाऊन जाईल, येवढं कळलं. हिची आई साळूबाई तर हिच्या लगनासाठी हटून बसलेली, नाय म्हनायची सोय नवती. मला द्यायचीच नवती, डॉक्टरसाहेब. मंग मी घेनाऱ्यावानी बोललो. तिन्ही डाव."

उमाताईंचा पदर तोंडावरून डोळ्यांकडं गेला होता.

तनुजाला तो ट्रे आठवला. पोह्यांवरचं खोबरं, पाहुण्यांची खाली गेलेली नजर, आणि वडलांचा तो निर्विकार आवाज. हट्टी आहे, भाकरी येत नाही, कुणाचं ऐकत नाही. ती वाक्यं तिनं इतकी वर्षं जवळ बाळगली होती, आणि आता त्यातलं एकेक तिच्यापुढं उलटं होऊन येत होतं. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. रागही आला, खूप आला.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीत मग?"

"सांगितलं असतं तर तुझ्या आईनं मला घरात ठिवलं असतं?" रामकिसनराव म्हणाले. मग खाली पाहून म्हणाले, "आन् तुला ठावं असंल असं वाटलं. बाजारात लहानपनापासनं न्यायचो की तुला."

"आता तरी एक गुण सांगा मुलीचा," उमाताई म्हणाल्या.

"आता कशापायी? लगीन झालं तिचं. आता काय द्यायचीय कुठं?" आणि सवयीनं पुढं म्हणाले, "कारखान्याचे पत्रे मात्र खालीच घातलेत तिनं."

तनुजा रडता रडता हसली. पत्रे खाली होते, हे तर खरंच होतं. पण आबा महिन्यातून दोनदा ते सांगायला बिडकीनहून एवढ्या लांब का येतात, हा विचार तिनं कधी केला नव्हता.

डॉक्टर उठले. नव्या गुडघ्यांना वेळ लागतो, तो त्यांनी घेतला. रामकिसनरावांच्या खुर्चीपाशी आले, त्यांच्या खांद्यावरचं उपरणं हळूच ओढून घेतलं, आपल्या उजव्या हातावर पसरलं आणि तो झाकलेला हात पुढं केला.

रामकिसनरावांनी आधी त्या हाताकडं पाहिलं, मग माणसाकडं. मग सदऱ्याची बाही सारखी करून त्यांनी आपला हात उपरण्याखाली घातला. बराच वेळ कापड हलत होतं. एकदा डॉक्टर चुकले, रामकिसनरावांनी मान हलवून त्यांना पुन्हा बोट धरायला लावलं. काय ठरलं ते उमाताईंना कळलं नाही, तनुजालाही नाही. पैसे तिचे होते तरी.

कागदपत्रं होऊन गाडी न्यायचा दिवस उजाडला तेव्हा साळूबाई औक्षणाचं ताट घेऊन आल्या. त्यांनी परंपरेप्रमाणं पुढच्या झाकणावर स्वस्तिक काढलं, तिथं इंजिन नाही हे कळल्यावर मागं जाऊन दुसरं काढलं, आणि पुढचं पुसू दिलं नाही. उमाताईंनी नारळ वाढवला. चाकांखाली लिंबं ठेवायची की नाही यावर दोघी बायकांचं थोडं झालं. इंद्रजीत साळूबाईंना आपल्या गाडीतून मागून आणणार होता. नव्या गाडीतली दुसरी जागा कुणाची, याबद्दल कुणी चर्चाच केली नाही.

रामकिसनराव आत बसले. बसले म्हणजे आधी डोकं घातलं, मग बाहेर काढलं, मग पाठ घातली, आणि शेवटी एकदाचे खाली गेले. गुडघे छातीशी, हात मांडीवर. त्यांनी काचेतून समोर पाहिलं.

डॉक्टरांची सकाळपासून गडबड चालली होती. खोळ घडी करून दिली, पुसायचं कापड दिलं, जुनी पुस्तिका दिली. आता द्यायला काही उरलं नव्हतं. ते काठी टेकत तनुजाच्या खिडकीशी आले आणि वाकले. तनुजानं किल्लीवर हात ठेवला.

"सांभाळून," ते म्हणाले. "तशी फार काही नाही ती. आता जुनीच झाली."

"नाही हो, डॉक्टर..." तनुजा म्हणायला लागली.

"सकाळी गार असली की दुसरा गिअर रुसतो. पावसात काच धुरकटते. डावा आरसा कितीही सारखा करा, हलतो तो हलतोच." ते क्षणभर थांबले. हात खिडकीच्या कडेवरच होता. "बसायला तर फारच अवघड. पाठ दुखते. सामान राहत नाही काही."

तनुजाला किल्ली फिरवून निघावंसं वाटलं, डॉक्टरांना अजून त्रास नको म्हणून. शेजारून रामकिसनरावांचा हात आला आणि तिच्या मनगटावर बसला.

"चालू नको करू," ते हळूच म्हणाले. "बोलू दे त्येन्ला."

तिनं किल्लीवरचा हात काढून घेतला. डॉक्टर सेलूकर खिडकीत वाकून उभे होते. त्यांचं लक्ष आता तनुजाकडं नव्हतं, हिरव्या दारावर होतं. ते अंगठ्यानं तिथली नसलेली धूळ पुसत होते.

"आणि रंग," ते म्हणाले. "रंग तर मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही."